दोन तृतीयांश आमदार गेले की निष्ठेचा प्रश्नच संपतो?

मांडवीकाठ
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘दोन तृतीयांश गेले की ते पक्षांतर होत नाही, उगाच निष्ठेच्या गप्पा मारू नका.’ वाचून राहवलं नाही. जानेवारी 2022 मध्ये गोवा काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रूसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. निवडून आले 11. सप्टेंबरात त्यांतले 8 भाजपमध्ये गेले. 11 चे दोन तृतीयांश म्हणजे 7.33, म्हणून 8 लागतात. नेमके तेवढेच जमवले. मतदाराला दिलेला शब्द या हिशेबात कुठे बसतो?

कलमवाला
तुमचा राग समजतो, पण कायदाही वाचा. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याचा, परिच्छेद 4 दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात गेले तर त्या विलीनीकरणाला संरक्षण देतो. 2019 मध्ये गोव्यातच काँग्रेसचे 15 पैकी 10 भाजपमध्ये गेले, सभापतींनी अपात्रता फेटाळली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. एक तृतीयांशाच्या फुटीची पळवाट 2003 च्या 91व्या दुरुस्तीने बंद झाली, ही एकच राहिली आहे.

मांडवीकाठ
फेब्रुवारीत निकाल लागला आणि सप्टेंबरात त्याच वाटेने 8 गेले. वैध आहे हे मलाही माहीत आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे!

दख्खनी
मग पक्षांना सूट का? महाराष्ट्रात 2014 ला निकालाच्या दिवशीच राष्ट्रवादीने भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला, तोही भाजपने त्यांच्यावर सिंचनाचे आरोप करून निवडणूक लढवल्यावर. पुढे विश्वासमत आवाजी मतदानाने उरकलं, त्यामुळे कोण कुठे उभा राहिला याची नोंदच नाही. 2019 ला शिवसेना काँग्रेससोबत गेली. अख्खा पक्ष वळला तर ती युती, आणि एकटा आमदार वळला तर गद्दार! त्यात व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश. साध्या विधेयकावरही आमदाराला स्वतःचं मत नाही. निवडणूक सुधारणांवरच्या गोस्वामी समितीने 1990 मध्येच सांगितलं होतं की पक्षादेश मोडल्याची अपात्रता विश्वास-अविश्वास ठरावापुरतीच ठेवा.

कलमवाला
व्हिपचं रडगाणं इथे नको. पक्षाने 15 दिवसांत माफ केलं तर अपात्रता लागत नाही, हे तुम्ही सोयीने गाळलंत.

दख्खनी
माफी देणार कोण? तोच पक्ष. म्हणजे मान त्याच्याच हातात. आणि राज्यसभेच्या निवडणुकीत व्हिप लागूच होत नाही, तरी नेते धमक्या देतात. तिथे मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची एवढंच बंधन. ती चुकीच्या पद्धतीने दाखवली म्हणून जून 2022 ला शिवसेनेच्या एका आमदाराचं मत बाद झालं.

सह्यकडा
मुद्दा भरकटवताय दोघेही. हिमाचलमध्ये फेब्रुवारी 2024 ला काँग्रेसच्या 6 जणांनी राज्यसभेला विरोधात मत दिलं. अपात्र झाले ते त्या मतामुळे नाही, अर्थसंकल्पावरचा व्हिप मोडल्यामुळे. निर्णय दोन दिवसांत! आपल्याकडे शिवसेनेच्या फुटीवरच्या 2022 च्या याचिकांचा निकाल 10 जानेवारी 2024 ला लागला आणि दोन्ही गटांचा एकही आमदार अपात्र नाही. निर्णय देणारा विधानसभा अध्यक्ष सत्ताधारी पक्षातून येतो तोवर हे असंच चालणार. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये साधारण तीन महिन्यांची मुदत सुचवली, स्वतंत्र न्यायाधिकरणाचाही विचार करा म्हटलं. संसदेने काय केलं?

कलमवाला
अध्यक्षाबद्दल मान्य, नाइलाजाने. पण परिच्छेद 4 काढलात तर खरंखुरं विलीनीकरणही अडेल.

मांडवीकाठ
अडू द्या! खरं असेल तर आधी मूळ पक्षाच्या अधिवेशनात ठराव होऊ दे. 8 आमदारांनी खोलीत बसून ठरवलं तर त्यांनी राजीनामे द्यावेत आणि पोटनिवडणूक लढवावी. कर्नाटकच्या 17 जणांना 2019 मध्ये अपात्र ठरल्यावर तशीच वाट धरावी लागली. कलम 164(1ख) अपात्र आमदाराला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद देत नाही. विलीनीकरणात ती अट लागतच नाही, त्यामुळे थेट खातं मिळू शकतं.