शाळा दत्तक घेणाऱ्यांनो, आधी गच्चीची मोरी साफ करा

गणिताच्या बाई
परवा इथे ‘एक सोसायटी, एक शाळा’ अशी पोस्ट आली. प्रत्येक सोसायटीने जवळची मनपा शाळा दत्तक घ्यावी, रविवारी भिंती रंगवाव्यात, निवृत्तांनी आठवड्याला एक तास शिकवावं. खाली वाहवाच वाहवा. मी मनपाच्या शाळेत १९ वर्षं गणित शिकवतेय, त्यामुळे गप्प बसवेना.

आमच्या जिन्याजवळच्या भिंतीवर एक जिराफ आहे. तीन वर्षांत तिसऱ्यांदा रंगवलाय. दर वेळी वेगळी कंपनी, वेगळे टी-शर्ट, जिराफ तोच. वर गच्चीची मोरी तुंबलेली, भिंत ओल धरते आणि गणपती येईपर्यंत जिराफाच्या मानेचे पोपडे जिन्यात. मोरी साफ करून द्या म्हटलं तर ते त्यांच्या ‘ॲक्टिव्हिटी’त बसत नाही. पाण्याच्या फिल्टरचंही तेच. देणाऱ्याच्या नावाची पाटी पितळी आहे, पण कँडल बदलायला कुठल्याच हेडखाली पैसे नाहीत. मुलं घरून बाटल्या आणतात.

दत्तक अनाथाला घेतात हो. आमच्या शाळेला मायबाप आहेत, ते लक्ष देत नाहीत एवढंच. मदत करायचीच तर रविवारी शाळेत येऊ नका. सोमवारी वॉर्ड ऑफिसात जा आणि विचारा, रिकामी पदं कधी भरताय? आमचं तिथे कोणी ऐकत नाही, सोसायटीच्या लेटरहेडचं ऐकतील.

रिटायर्ड पण टायर्ड नाही
ती पोस्ट माझीच. ३४ वर्षं बँकेत काढली आहेत, टी-शर्ट घालून फोटो काढणाऱ्यातला मी नाही. गेल्या वर्षी एका शाळेत इंग्रजी वाचन घ्यायला गेलो. आधी वरून परवानगी आणा म्हणाले. त्यात दोन महिने गेले. शेवटी वर्ग मिळाला, तर मी पोरांना ‘नी’मधला के गिळायला शिकवतोय आणि वर्गाच्या बाई मागच्या बाकावर खाली मान घालून रजिस्टर भरतायत! बाहेरचा माणूस आला की तुम्हाला हक्काची सुटी मिळते, हे पण लिहा की.

गणिताच्या बाई
काका, ते रजिस्टर म्हणजे यूडायसची, सरकारला दरवर्षी द्यायची शाळेची माहिती असणार, नाहीतर मतदार यादी. तुम्ही आलात म्हणून त्या बाईंना ते काम निदान बसून करता आलं.

कलमदान
मतदार यादीबद्दल रडू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना देता येतात.

गणिताच्या बाई
वाचलंय. निवडणूक पाच वर्षांनी येते, बीएलओचं, म्हणजे घरोघर फिरून मतदार यादी तपासायचं काम बारा महिने. मे महिन्यात चौथ्या मजल्यावर दार वाजवा आणि ‘आत्ता नको, नंतर या’ ऐका. मग कलमं शिकवा.

तीन चाकी
मी रिक्षा चालवतो. पोरगी मनपा शाळेत पाचवीला, मी शाळा व्यवस्थापन समितीवर. कायद्यात समितीचे तीन चतुर्थांश मेंबर पालक, निम्म्या बायका. आमच्याकडे कागदावर सगळं बरोबर आहे. सभा कधी? मंगळवारी सकाळी ११ ला. त्या टायमाला धुण्याभांड्याच्या बाईचं तिसरं की चौथं घर चालू असतं, ती काय येणार? मग शिपाई वही घेऊन सह्यांना घरोघर. मी एकदा म्हटलं, थांबा, काय लिहिलंय वाचू द्या. तर म्हणाला, “तू कधीपासून साहेब झालास?” सभा संध्याकाळी ७ ला ठेवा. रंग लागत नाही, कंपनी लागत नाही.

आणि लोकसहभाग म्हणता, तर अंड्याचं बोला. २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं चालू केलं, न खाणाऱ्याला केळं. २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्याच्या पैशातून हात काढला आणि सांगितलं, लोकसहभागातून उभे करा. शाळेत १५० पोरं. अंडं ७ रुपयांनी धरा, आठवड्याला १०५० रुपये. देते का तुमची सोसायटी?

शाकाहारी आणि शांत
सोसायटी देईलही. पण अंडंच कशाला? शेंगदाण्याचा लाडू द्या. आमच्या वर्गणीतून अंडी नकोत, एवढं म्हणायचा हक्क आहे ना आम्हाला?

तीन चाकी
वर्गणी तुमची, पोट आमच्या पोरांचं. लाडू दिवाळीत खातो आम्ही.

शाकाहारी आणि शांत
टोमणे नकोत. प्रथिनं शेंगदाण्यातही असतात.

मावशीचा डबा
बचत गटात होते, चार वर्षं पोषण आहार शिजवला. केळ्यांचं सांगते. गुरुवारी वाटायची तर गाडी बुधवारी दुपारी यायची. उन्हाळ्यात सकाळपर्यंत निम्मी काळी. अंडं उकडलं की संपलं, त्यात पाणी वाढवता येत नाही. आमटीत येतं.

शाकाहारी आणि शांत
म्हणजे तुम्ही आमटीत पाणी घालत होतात?

मावशीचा डबा
शिजवायचे पैसे सहा-सहा महिने थकले की काय घालतात, दूध? शांत नाव ठेवलंय तर शांत बसा की.

गणिताच्या बाई
माझ्या वर्गातला एक मुलगा अर्धं अंडं खायचा, अर्धं वहीच्या कागदात गुंडाळून दप्तरात ठेवायचा. घरी धाकटा भाऊ. दुपारनंतर दप्तराला वास सुटायचा. शेजारचा नाक दाबायचा, पण त्याचं नाव कधी कोणी सांगितलं नाही. अंड्याच्या दिवशी मी हजेरी घेताना मान वर करत नसे, सगळे असायचेच.

लोकल ९.०४
सगळे अंड्यात अडकलात. मूळ दुखणं हे की बोलणाऱ्या पालकांची मुलं त्या शाळांत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट. पालक कोर्टात धावले, जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पालक बरोबरच होते. पण जवळची मनपा शाळा सुधारा म्हणून कोण धावलं? अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर २०१५ मध्ये सरकारी पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी शाळेत घाला म्हणून सांगितलं होतं. पाळलं कोणी? बाई, स्पष्ट विचारते, तुमची मुलगी कुठे शिकली?

गणिताच्या बाई
खासगी अनुदानित, सेमी-इंग्रजी. माझ्या शाळेत तेव्हा पाचवी-सहावीला मिळून एकच शिक्षक होता. मीच. झालं समाधान?

रिटायर्ड पण टायर्ड नाही
वा! म्हणजे आम्ही शाळेत यायचं नाही, आणि तुमची मुलगीही नाही.

गणिताच्या बाई
लागलं ते बोलणं. खरं आहे म्हणून जास्त लागलं. पण काका, माझी मुलगी तिथे असती म्हणून मोरी साफ झाली नसती.

तीन चाकी
बाईंच्या घरावर जाऊ नका. आमच्या पोरांना दोन वर्गांना मिळून का होईना, बाई तरी होत्या. ह्या वर्षी इंग्रजीला कोणीच नाही.

रिटायर्ड पण टायर्ड नाही
ठीक आहे. रंगाचे चार डबे घेऊन ठेवलेत, ते गॅलरीला लावतो. सोमवारी वॉर्ड ऑफिसात जातो. आमच्या सेक्रेटरीला लेटरहेड मागावं लागेल, तो माणूस वॉचमनचा पगार सहीविना महिनाभर ठेवतो, त्यामुळे सोमवार म्हणजे पुढचा धरा. अर्ज बाईंनी लिहून द्यावा. शुद्धलेखन मी तपासेन.

गणिताच्या बाई
मोरीचा आणि कँडलचा वेगवेगळा देते. एकत्र दिला तर दोन खात्यांत फिरत राहील. पोच शिक्क्यासह घ्या, नुसती सही चालत नाही.

तीन चाकी
७ च्या सभेचा पण एक जोडा. आणि काका, इंग्रजी घ्यायला आमच्या शाळेत या. परवानगीचं पत्र समिती देते का बघतो, मेंबर मीच आहे.

शाकाहारी आणि शांत
शेंगदाण्याच्या लाडवावर अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.