सोनं आधी, रंग नंतर

मध्ययुगीन युरोपातल्या सचित्र हस्तलिखित पोथ्यांमध्ये चित्र रंगवून झाल्यावर शेवटी सोन्याचा वर्ख लावत असतील, असं वर एका प्रतिसादात आलंय. क्रम नेमका उलटा होता. वासराचं कातडं चुन्यात भिजवून, ताणून, घासून पानं तयार होत. त्यावर आधी मजकूर, मग रेखाटन. जिथे सोनं हवं तिथे प्लास्टर आणि सरसाचा किंचित उंचवटा देत. त्यावर तोंडाची वाफ सोडली की सरस ओलसर होई आणि वर्ख धरे. नंतर कुत्र्याच्या दाताने घोटून चकाकी आणायची (हो, खराखुरा दात!). रंग आधी दिले असते तर त्या घोटण्यात खरवडले गेले असते, शिवाय वर्खाचे कण त्यांनाही चिकटले असते. निळ्या रंगासाठी लागणारा लाजवर्द हा दगड तर थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून युरोपात जाई.

काम किती संथ चाले हे फ्रेंच राजघराण्यातल्या बेरीच्या ड्यूकच्या प्रार्थनापोथीत दिसतं. ती रंगवणारे तिघे लिंबर्ग भाऊ आणि स्वतः ड्यूक, सगळे १४१६ मध्ये गेले. राहिलेली चित्रं जाँ कोलोंबने १४८५ च्या सुमारास पुरी केली. पोथी आज फ्रान्समध्ये शांतियीला आहे. तिच्यातलं ऑक्टोबरच्या पेरणीचं पान जरूर पाहा, मागे पॅरिसचा लूव्र किल्ला उभा आहे.