बायबल वाचायचंय, मराठीतली कोणती प्रत घेऊ? (नाशिक)

पेन्सिलवाली
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, आम्ही ख्रिस्ती नाही. उन्हाळ्यात 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं आणि हे खूळ डोक्यात शिरलं. लक्ष्मीबाई टिळक मूळच्या आपल्या जलालपूरच्या. ज्या पुस्तकापायी त्यांचा संसार उलटापालटा झाला, ते आपण कधी उघडूनही पाहिलं नाही याची जरा लाज वाटली.

मग एका प्रदर्शनात एक घेतलं. काळं, चेनवालं, सोनेरी कडांचं, दिसायला झकास. घरी आल्यावर कळलं की अक्षर मुंगीएवढं, आणि कागद असा की पेनाने खूण केली की मागच्या पानावर उमटलीच. मला समासात खरडल्याशिवाय वाचलेलं डोक्यात राहत नाही. तरी पहिल्या पानापासून नेटाने सुरू केलं. उत्पत्ती हे त्यातलं पहिलं पुस्तक मजेत गेलं, दुसरं निर्गम निम्मं झालं, आणि मग मंडपाचे पडदे, खांब, कड्या, हातांची मापं... तिथे जी झोप लागली ती अजून उतरली नाही. वय ५६. कोणतं घेऊ?

शरणपूरची_नात
ताई, त्या पडद्यांपाशी आमच्यातलेही निम्मे लोक झोपतात, मनाला लावून घेऊ नका. :)

माझी आजी शरणपूरची. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या वस्तीतलं घर, त्यामुळे घरात एकच पुस्तक चाले: बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र'. मराठी चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी तेच वाचतात. भाषा ग्रांथिक आहे, पण पाठांतराला त्याच्यासारखं दुसरं नाही. लहानपणी संडेस्कूलच्या स्पर्धेत मी सोप्या भाषेतल्या पुस्तकातून तेविसावं स्तोत्र पाठ करून गेले होते. अर्थ तोच, पण परीक्षक पुस्तकावर बोट ठेवून बसलेले, दर ओळीला थांबवायचे. बक्षीस गेलं. रडत घरी आले तर आजी म्हणाली, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही, हे म्हण. आता तुझं ते 'मला कशाची कमी पडणार नाही' म्हण. जिभेवर कोणतं बसतंय?" वाद मिटला.

पण तुम्हाला पाठ करायचं नाहीये, खरडायचंय. म्हणजे तुमचं गणित वेगळं.

नाशिकरोडचा
दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवा. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, आम्हा कॅथलिकांच्या बायबलात ७३. तोबीत, मक्काबी वगैरे जुन्या करारातली, म्हणजे येशूच्या आधीच्या भागातली, सात जास्तीची. नवा करार, म्हणजे येशूपासूनचा भाग, दोघांचाही २७ पुस्तकांचाच. अनुक्रमणिका उघडली की लगेच कळतं. तुमच्यासारख्या नव्या वाचकाला याने फारसा फरक पडू नये, पण नंतर "माझ्या प्रतीत हे नाहीच" असं व्हायला नको.

तुम्ही मराठी साहित्य वाचणाऱ्या दिसता, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' बघाच. वसईचे फादर, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही आहे. वाक्य मराठी वळणाने जातं, अडखळायला होत नाही.

निवडायची माझी पद्धत सांगतो. दोन्ही पुस्तकं काउंटरवर शेजारी ठेवायची आणि नव्या करारातल्या मत्तयचा पाचवा अध्याय उघडायचा. सोसायटीच्या प्रतीत आहे, "जे आत्म्याने दीन ते धन्य". आता 'आत्म्याने दीन' म्हणजे काय? गरीब? बिचारे? नम्र? दुसरं पुस्तक हे कसं सांगतं ते बघा, खाली टीप आहे का बघा. एक पान मोठ्याने वाचा. दुकानदार बघत राहील, राहू दे.

पिकअप_१५
मी पिंपळगावहून वाशीला माल नेतो. शाळेत असल्यापासून पुस्तक डोळ्यासमोर धरलं की माझं डोकं बंद. कानाने ऐकलं की सगळं राहतं. मित्राने मोबाईलमध्ये बायबलचं अॅप टाकून दिलं, त्यात मराठी नवा करार ऐकायला मिळतो. त्यातलं मार्क नावाचं पुस्तक दीडेक तासात संपतं, कसारा घाट उतरेपर्यंत बरंचसं झालेलं असतं. रात्री ऐकताना येशू वादळात होडीत उशाला डोकं टेकून झोपलेला ऐकला, तेव्हा मला जाम हसू आलं. माझा क्लीनर शेजारी अगदी तसाच झोपला होता.

उगाच_एक
अॅपवर सगळं फुकट असताना पुस्तकाला पैसे कशाला घालायचे?

पेन्सिलवाली
@उगाच_एक, स्क्रीनवर पेन्सिल चालवून बघितली. चालत नाही.

शरणपूरची_नात
अॅपचा एक उपयोग मात्र आहे, दोन मराठी भाषांतरं लागोपाठ उघडून बघता येतात. आवडेल त्याचं पुस्तक घ्या.

ताई, आता तुमच्यासाठी. मोठ्या अक्षरांची प्रत मागा. नुसतं 'मोठं बायबल' म्हणू नका, आकाराने मोठं आणि आत तेच मुंगीचं अक्षर असं माझ्या काकूच्या गळ्यात मारलंय. कडेला संदर्भ असले तर उत्तम, म्हणजे हेच वाक्य आधी कुठे आलंय ते सापडतं. समासात लिहायचा हट्ट मात्र सोडा, कागद पातळच असतो. शेजारी वही ठेवा आणि अध्याय-वचनाचा आकडा घालून लिहा. ते आकडे कोणत्याही प्रतीत जवळपास तेच असतात, म्हणून उद्या पुस्तक बदललं तरी वही वाया जात नाही. आणि पहिल्या पानापासून नको. मार्कपासून, १६ अध्यायांचं आटोपशीर आहे. मग लूक, मग प्रेषितांची कृत्ये. पडद्यांकडे नंतर.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर कुठे दिसलं तर तेही हातात घेऊन बघा. केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून एकटीने सगळं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, छापील पुस्तक १९२४ चं. रोजच्या वाचनाला मी ते सुचवणार नाही, पण लक्ष्मीबाई वाचणाऱ्या बाईने ते एकदा तरी पाहावं.

नाशिकरोडचा
लक्ष्मीबाईंवरून आठवलं. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला होता. तेही पेन्सिल घेऊनच वाचायला बसले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी अडकले, पुढे ख्रिस्ती झाले. मत्तय ५ ते ७. तेव्हा पेन्सिलवाल्या ताई, जपून.

पेन्सिलवाली
आज घेतलं! काउंटरवर मत्तय पाच मोठ्याने वाचलं, दुकानदाराने खुर्ची दिली. सोसायटीचं मोठ्या अक्षरांचं घेतलं. सुबोध एका मैत्रिणीकडे निघालं, ते महिन्याभरासाठी आणलंय. दोनशे पानी वहीही आणली.

मार्कचा चौथा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला. आमचे दीर मखमलाबादचे, द्राक्षबागवाले, सहज आले होते म्हणून त्यांना वाचून दाखवला. बी खडकाळीवर पडलं, माती खोल नव्हती म्हणून लगेच उगवलं आणि ऊन चढल्यावर करपलं. दीर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मुरमाडात असंच होतं वहिनी. आधी तेच वर येतं, आपण खूश होतो." वहीत ४:५ च्या पुढे हेच लिहून ठेवलंय.