प्रति: सोळाव्या वर्षी सगळं सोपवावं का?

टाइप १ मधुमेह असलेलं मूल सोळाचं झालं की इन्सुलिनचं सगळं त्याच्यावर सोडावं, तरच ते शिकेल, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. शिकायला हवंच, पण एकदम हात काढून घेणं मला पटत नाही. वयात येताना शरीरात वाढीचं संप्रेरक वाढतं आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, हे इथे अजून कुणी लिहिलेलं नाही. लहानपणी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.७ ते १ युनिट इन्सुलिन पुरतं. या वयात गरज १.२ च्या वर, कधीकधी २ पर्यंतही जाते. म्हणजे मुलानं सगळं नीट करूनही सकाळची रक्तातली साखर चढलेली दिसू शकते. आणि घरात पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" असं वारंवार झालं की मुलं साखरेचे आकडे लपवू लागतात. माझ्या मुलीनंही लपवले होते.

आता इंजेक्शन तिचं तीच घेते, पण साखर मोजायच्या मीटरमधले आकडे आठवड्यातून एकदा आम्ही एकत्र बघतो. डोस बदलायला हवा का, हे आधी ती सांगते, मग मी बोलते. डॉक्टरांकडे सुरुवातीची काही मिनिटं ती एकटीच आत जाते. असं करता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारून बघा.