बायॉस अपडेट चालू असताना लाईट गेली, आता लॅपटॉप उठत नाही

शिवणघर: नमस्कार. काल संध्याकाळी विंडोज अपडेटमधून बायॉसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट आलं. ४७ टक्क्यांवर असताना लाईट गेली. बॅटरी ६० टक्के दाखवते, पण चार्जर निघाला की दोन मिनिटांत मान टाकते. आता बटण दाबलं की पंखा फिरतो, स्क्रीन काळीच, कॅप्स लॉकचा दिवा थांबून थांबून लुकलुकतो. माझं शिवणाचं काम, चार वर्षांची गिऱ्हाइकांची मापं यातच आहेत. ती गेली का?

जुनाकीबोर्ड: ताई, मापं एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कवर असतात, बायॉसच्या चिपमध्ये नाही. तेवढा घोर काढून टाका. आधी कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलची बायॉस फाइल घ्या, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर टाका आणि रिकव्हरीच्या कळा दाबून चालू करा. एचपीत विंडोज आणि बी, डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप. फाइलचं नाव काय हवं तेही साइटवर वाचून घ्या.

शिवणघर: तीन पेनड्राइव्ह लावून पाहिले. एकाचाही दिवा लागला नाही.

चिपदुरुस्ती: मग बूट ब्लॉकच, म्हणजे बायॉसचा सुरुवातीचा भागच गेलाय. दुकानातच न्या, प्रोग्रॅमर नावाचं यंत्र क्लिपनं लावून बायॉसची चिप पुन्हा लिहावी लागेल. दोन गोष्टी बजावून सांगा. चिप १.८ व्होल्टची की ३.३ ची ते नंबर वाचूनच ठरवायचं, नाहीतर चिप जळते. आणि आतला मजकूर आधी दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळवायच्या. सिरीयल नंबर, विंडोजची लायसन्स की त्यातच असते. साइटवरची फाइल जशीच्या तशी भरली तर ते पुसलं जातं. माझ्याकडे असे लॅपटॉप येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

शिवणघर: झालं! मी दुकानात शेजारीच बसून होते. पहिल्या दोन फाइली जुळल्या नाहीत, तेव्हा त्या मुलानं क्लिप काढून चिपचे आठही पाय स्पिरिटनं पुसले, पुन्हा बसवली. मग जुळल्या. चालू झाल्यावर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी की मागितली, तेव्हा पोटात गोळाच आला. लॅपटॉप भाच्यानं सुरू करून दिला होता, ती की त्याच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात निघाली. त्यानं फोनवर सहा-सहा आकडे सांगितले, मी टाकत गेले. मापं सगळी जागेवर आहेत. दादा, तुम्ही दोघांनी माझं मोठं काम केलंत. नवी बॅटरी आजच सांगून आले.