मोलोतोवची पावाची टोपली

युद्धात खोट्या बातम्या पेरणं हे व्हॉट्सॲपच्या काळातलं खूळ आहे, असं म्हटलं जातं. हे मत काही पटलं नाही. १९३९ चं फिनलंड बघा. २६ नोव्हेंबरला सीमेवरच्या मैनिला या सोव्हिएत गावात तोफगोळे पडले. आमचे ४ सैनिक फिनलंडने मारले, असं मॉस्कोने जाहीर केलं. फिनलंडने तोफा आधीच मागे घेतलेल्या, तिथवर गोळा पोचणंच शक्य नव्हतं. मिळून चौकशी करू, असं ते म्हणालेही. पण चौकशी हवी होती कुणाला! ३० तारखेला फिनलंडच्या राजधानीवर, हेलसिंकीवर, सोव्हिएत बॉम्ब. पाठोपाठ मॉस्कोने सीमेजवळच्या तेरियोकी गावात कुसिनेन या फिनिश कम्युनिस्टाचं बाहुलं सरकार बसवलं आणि राष्ट्रसंघाला (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) कळवलं, आमचं फिनलंडशी युद्धच नाही, मैत्रीचा करार आहे. (थापा माराव्यात तर अशा.) विमानं बॉम्ब नाही, उपाशी जनतेसाठी अन्न टाकताहेत, असाही दावा सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोवच्या नावावर आहे. फिनिश लोकांनी मग त्या बॉम्बच्या पेटाऱ्याचं नावच ठेवलं, 'मोलोतोवची पावाची टोपली'. आणि पावासोबत प्यायला काहीतरी हवं, म्हणून रणगाड्यांवर फेकायच्या पेटत्या बाटल्यांचं 'मोलोतोव कॉकटेल'.