5080 ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ की थांबू? वॅट, पैसे, टायमिंग सगळंच अडलंय

नागपूरकर_रेंडर:
मंडळी जरा सल्ला हवाय. 2021 पासून एनव्हिडियाचं 3060 वापरतोय, 170 वॅटचं कार्ड, कधी त्रास नाही दिला, पण आता ब्लेंडरमधे (3डी सॉफ्टवेअर) बंगल्याचे सीन कार्डाच्या 12 जीबी मेमरीत मावेनात, रेंडर (सीनचं फायनल चित्र बनणं) मधेच बंद पडतो आणि सकाळी क्लायंटला फाइल द्यायची असते. 5080 डोक्यात आहे पण 360 वॅट वाचून धडकी भरली, माझा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) 650 वॅटचा आणि यूपीएस 1 केव्हीएचा. रोज 5 तास रेंडर चालतो, बिल किती वाढेल? आणि आत्ता घेऊ की पुढची सिरीज येईपर्यंत थांबू?

कोथरूड_बिल्डर:
भाऊ बिलाचं टेन्शन सोड. 360 वजा 170 म्हणजे 190 वॅट, गुणिले 5 तास, महिन्याला 28-29 युनिट. 12 रुपये युनिट धरलं तर साडेतीनशेच्या आत. खरा खर्च दुसरीकडे आहे, 5080 ला कंपनीच 850 वॅटचा एसएमपीएस सांगते, म्हणजे तुझा 650 गेला, आणि तुझा यूपीएस बहुतेक 600 वॅटचाच असेल, मागच्या पॅनलवर बघ, केव्हीए वेगळं आणि वॅट वेगळे. माझ्याकडे हेच झालं, रेंडर चालू असताना लाइट गेली, यूपीएस दोनदा टीं टीं ओरडला आणि सगळं बंद, तीन तासांचं ॲनिमेशन गेलं. तेव्हा कार्डाच्या किमतीत हे दोन्ही धरूनच बजेट लाव.

त्यापेक्षा 5070 टीआय बघ. 5080 सारखीच 16 जीबी मेमरी, 300 वॅट. लॉन्चला इथे 80,000 होतं आणि 5080 1,07,000. कोर 8960 आणि 10752, म्हणजे वरच्यात 20 टक्के जास्त, पैसे मात्र 34 टक्के जास्त. तुझी अडचण मेमरीची आहे ना, ती दोन्हीत सारखीच सुटते, मग 27 हजार कशासाठी?

विदर्भाचा_गेमर:
मी 3090 वापरलंय, 350 वॅट. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत ते चालवणं म्हणजे शेजारी शेगडी पेटवून बसणं, कूलर लावला तरी घाम थांबत नाही, एसी लावला तर त्याची वीज वेगळी. हा खर्च कोणी मोजतच नाही राव. पॉवर लिमिट (कार्ड किती वीज खेचेल त्याची मर्यादा) 80 टक्क्यांवर आणलं तेव्हा कुठे बसवलं, आणि दहा मिनिटांच्या रेंडरला जेमतेम अर्धा मिनिट जास्त लागला. कोणतंही कार्ड घे, पहिल्या दिवशी हे कर.

एएमडीचं 9070 एक्सटी पण 16 जीबी आणि स्वस्त, नुसतं गेमिंग असतं तर मी तेच सांगितलं असतं, पण ब्लेंडरमधे ऑप्टिक्सचा (एनव्हिडियाचं स्वतःचं रेंडर तंत्र) स्पीड तिकडे मिळत नाही.

जुना_मेंबर:
थांबण्याबद्दल सांगतो. 3080 सप्टेंबर 2020, 4090 ऑक्टोबर 2022, 5080 आणि 5090 30 जानेवारी 2025, म्हणजे दर वेळी दोन वर्षं उलटूनच जातात. थांबल्याचा फायदा कधी होतो तेही बघितलंय, 4080 आलं 1199 डॉलरला आणि सव्वा वर्षात 4080 सुपर 999 ला, आधी घेतलेल्यांचा जीव जळला. पण 2025 च्या शेवटापासून मेमरीचे भाव चढलेत, त्यामुळे या वेळी थांबून स्वस्त मिळेल ही आशा मी तरी धरणार नाही. ज्याचं पोट रेंडरवर आहे त्याने थांबायचं नाही, ज्याला फक्त हौस आहे त्याने खुशाल थांबावं.

नागपूरकर_रेंडर:
यूपीएस आत्ताच उलटा करून बघितला, खरंच 600 वॅट लिहिलंय, तीन वर्षांत कधी वाचलं नव्हतं. 5070 टीआय पक्कं, सोबत 850 चा एसएमपीएस, यूपीएस पुढच्या महिन्यात. कार्डाला वीज देणारा कनेक्टर वितळतो म्हणतात त्याची भीती आहे अजून.

कोथरूड_बिल्डर:
ती भीती जास्त 4090-5090 वाल्यांना, 5090 चे 575 वॅट 600 च्या कनेक्टरमधून जातात, तुझ्याकडे 300. तरी प्लग पूर्ण आत दाबून बसव, फट दिसली नाही पाहिजे, आणि वायर पहिले 3-4 सेंटिमीटर सरळ राहू दे. कॅबिनेटची काच वायरला टेकत असेल तर फोटो टाक, काच लावायच्या आधी.